आत्याचे केस

दिवस आखूड व्हायला लागले की पार्लरवाली एक जाडजूड पुस्तक बाहेर काढायची. दूरदेशी चेटकिणी ठरवून छळलेल्या बायांचा इतिहास होता तो. थंडीत दुपारी दुकान ओस असायचं. केसांना रंग लावून बसलेली एखादी बाई आरशासमोर असायची, तिला ही मोठ्याने वाचून दाखवायची. "तुला दुसरं काही मिळत नाही का गं?" म्हणत ती बाईही कान टवकारायची.

पार्लरवालीने कात्री हातात घेतली तेव्हा माहेरच्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "लोकांची डोकी सांभाळायला कुणी सांगितलंय? आधी स्वतःचं सांभाळ!" असं आत्याने सुनावलं होतं. त्या घरातल्या बायका केसांना कात्री लावू देत नसत. का, ते विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसायची.

त्या वर्षी मात्र गुडघे धरले म्हणून आत्या दुपारी दुकानातल्या हीटरजवळ येऊन बसू लागली. ऐकत नसल्यासारखं दाखवायची, पण हातातल्या जपमाळेचे मणी मध्येच थांबायचे.

एके दिवशी वाचता वाचता पार्लरवाली एका पानावर आली. चौकशीआधी बायांचं डोकं भादरत, कारण त्यांची शक्ती केसांत असते असा लोकांचा समज होता.

"पुरे!" आत्या म्हणाली. मग माळ मांडीवर ठेवून म्हणाली, "माझ्या आजीचं असंच केलं होतं."

पार्लरवालीने पुस्तक मिटलं.

आत्याची आजी मोडलेली हाडं बसवायची. एकदा शेजारचं पोर तापाने गेलं आणि हिनेच करणी केली अशी आवई उठली. भर चौकात तिचे केस कापले. ती उघड्या डोक्याने, एकाही दाराकडे न बघता चालत घरी आली.

"मग गाव सोडलं?"

"कशाला सोडेल? थोड्याच दिवसांनी त्या घोळक्यातलाच एकजण हात मोडून दाराशी आला. आजीने बसवून दिला."

"त्याचा? का पण?"

"हात मोडला होता म्हणून," आत्या म्हणाली, जणू याहून सोपं उत्तर जगात नाही.

इतकी वर्षं पार्लरवाली दूरदेशीच्या बायांसाठी हळहळत होती, आणि त्यांच्यातली एक तिच्याच रक्तात होती.

आत्याने अंबाडा सोडला. पांढरी वेणी कमरेखाली उतरली. "भीतीपोटी वाढवलेत हे. आता माझ्या मर्जीने काप. मानेपर्यंत."

पार्लरवालीने केस कोमट पाण्याने धुतले, हलक्या हाताने विंचरले. मग मानेपाशी कात्री चालवली. आत्याने आरशात मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "अगं बाई, किती हलकं वाटतंय!" म्हणून ती पोरीसारखी हसली.

पुढच्या थंडीत आत्या एकटी आली नाही. दोन चुलत बहिणींना घेऊन आली आणि तिघी आजीबद्दल बोलत बसल्या. एवढ्या वर्षांचं साचलेलं, आता थांबता थांबेना.

"हाड कुठे सरकलंय ते तिला कळायचं कसं?" पार्लरवालीने विचारलं.

आत्याने तिचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटले. थरथरती बोटं कातडीवरून सावकाश पुढे सरकली आणि एका जागी ठाम थांबली.

"असं," ती म्हणाली. "आधी बोटांनी नुसतं ऐकायची."

पार्लरवालीने हात सोडवून घेतला नाही.