घोडेवाल्या मालकांची फिर्याद

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पौड पोलीस ठाण्यात असताना आलेली चोरीची ती एक फिर्याद अजून मनातून जात नाही.

फिर्यादी सत्तरी ओलांडलेले. रस्त्यालगत त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. पितळी दिवे, घंटा, लंबकाची घड्याळं. कोळवणकडे घोड्यांचा फार्म. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी मुलांना घोड्यावर बसवायला येत. सोमवारपासून तिथे मालक, घोडे आणि घोड्यांचं बघणारा गडी, एवढेच. पत्नी वारलेली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणजे गाडीने तासाभरावर. पण येणं सणावारी.

मुलगाच त्यांना ठाण्यात घेऊन आला. दुकानातल्या बऱ्याच वस्तू गायब असल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं. सगळं मुलगा बोलला, वडिलांनी फक्त सही केली. संशय कोणावर, असं विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहिले. चोरी झालेला माणूस सहसा तावातावाने बोलतो.

मग जवळच्या माले गावातल्या खबऱ्याने बातमी आणली. "सायेब, त्या गड्याच्या पडवीत लई भारी दिवा टांगलाय. त्याच्याकडं कुटनं यायचा?"

पंच घेऊन फार्मजवळच्या वाडीवर, गड्याच्या घरी गेलो. दिवा खरंच पडवीत होता. गड्याची बायको म्हणाली, "मालकांनीच दिलाय." असं सगळेच म्हणतात. पंचनामा केला, दिवा जप्त केला आणि गड्याला चौकशीसाठी आणलं.

"दिवा कुठून आणलास?"

"मालकान्ला इचारा."

"मी तुला विचारतोय."

"मी चोर न्हाई सायेब. पन मालकांनी सांगितल्याबिगर बोलायचो न्हाई. सबूद दिलाय."

हवालदाराने आवाज चढवला, मी त्याला थांबवलं. चोरीचा माल कोणी दारात टांगत नाही. वाडीत पुन्हा फिरलो. एका घरी घंटा, दुसऱ्या घरी घड्याळ. सगळं उघड्यावर, रोजच्या वापरात.

मी एकटाच फार्मवर गेलो. मालक एका म्हाताऱ्या घोडीला खरारा करत होते. म्हटलं, "तुमच्या गड्याला अटक करावी लागेल. खरं काय ते सांगा."

खरारा चालूच ठेवून ते म्हणाले, "मीच दिल्या सगळ्या वस्तू. वाडीतले लोक मला जेवायला बोलवायचे. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"मग फिर्यादीवर सही का केली?"

"खरं सांगितलं तर मुलाला वाटलं असतं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. घोडे विकून मला फ्लॅटवर नेलं असतं. तो आणि सूनबाई दिवसभर कामावर. तिथे मी बोलू कोणाशी?"

"आणि गडी?"

त्यांचा हात थांबला. "चला," म्हणाले, "ठाण्यात जाऊ."

मुलाला बोलावून त्याच्यासमोर पुरवणी जबाब घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, जेवायला माझ्याकडे यायचं होतं ना."

"तू कधी बोलावलंस?"



गड्याला लगेच सोडलं. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचा अहवाल कोर्टात पाठवला, आणि कोर्टाच्या हुकमाने जप्त दिवा मालकांना परत दिला. गड्याने जाताना मालकांना हात जोडले. पुढे तो फार्म सोडून चांदे गावात एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागला. वाडीतल्या लोकांनी एकेक वस्तू फार्मवर आणून ठेवली. "नगं बाबा, पुन्यांदा पोलीस यायचं," असं म्हणून गेले. जेवायला परत कोणी बोलावलं नाही. मुलाने घोडे विकले नाहीत, एवढंच बरं झालं.

त्यानंतर एकदा तिकडून जाताना फार्मवर डोकावलो. ओसरीवर दिवा, घंटा, घड्याळ तसंच पडलं होतं. मी निघालो तसे मालक लगबगीने उठले. "साहेब, चहा टाकतो. बसा की थोडं." मी बसलो. ते घोड्यांविषयीच बोलत राहिले.

निर्दोष माणूस सुटला की प्रकरण मिटलं, असं आम्ही पोलीस समजतो. कागदावर ते मिटतंही. पण ज्या घरात एकदा पंचनामा होतो, तिथले लोक पुन्हा कोणाला सहज "या, जेवायला बसा" म्हणत नाहीत. त्यासाठी कोर्टातून हुकूम आणता येत नाही.