वाफा नंबर चारमधली कुर्डू

मी शेतकी पदवीधर झालो तो इंदापूरच्या शाळेतल्या विनायक गुरुजींमुळे. शेळगावच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात बारामतीजवळच्या सरकारी नर्सरीत मला असिस्टंटची जागा मिळाली, तीही तात्पुरती. कायम करण्याचा कागद नर्सरीच्या साहेबांच्या टेबलावर पडून होता.

एका सकाळी साहेबांनी मला वाफा नंबर चारवर बोलावलं. वाफा अर्धा रिकामा.

या वाफ्यात साहेबांनी पुण्याच्या प्रदर्शनातून आणलेलं बी पेरलं होतं. पुडीवर लॅटिन नाव, म्हणजे झाड विलायतीच. त्याला शेणखत, झारीने पाणी, उन्हाला पाचटाचं छप्पर. त्याच नावाची पाटीही रंगवून झाली होती, कारण आठवड्याने डायरेक्टरसाहेब येणार होते. आणि खुरपणीला येणाऱ्या पिंपळीच्या गजराबाईंनी मागची, उशिरा पेरलेली कोवळी रोपं उपटून नेली होती.

"काय केलंत त्यांचं?" साहेब बाईंवर ओरडले.

"भाजी."

"विलायती झाडाची भाजी?"

"आवं सायेब, कुर्डू हाय ती! लसूण घालून परतली. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"उद्यापासून कामावर येऊ नका!" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही ग्रॅज्युएट ना? झाड दुर्मीळ होतं असं लिहून द्या."

लिहून दिलं तर बाईंचं काम कायमचं जाणार होतं. नाही दिलं तर बहुधा माझं.

नुसत्या पानावरून झाडाचं नाव घेऊ नये, फुलोरा बघावा, ही गुरुजींची शिकवण. वाफ्यातल्या पुढच्या रोपांना तुरे आले होते. मी कुंपणापलीकडे गेलो, बांधावरची कुर्डू मुळासकट उपटली आणि शेजारी ठेवली. तुरा तोच, खाली पांढरा, टोकाला गुलाबी. पाकळ्या तशाच कागदासारख्या कोरड्या. ऑफिसातलं पुस्तक आणून पाटीवरचं लॅटिन नाव शोधलं आणि पुढची ओळ वाचून दाखवली: शेतात सर्वत्र उगवणारं तण.

साहेबांनी बांधावरच्या रोपाकडे बोट दाखवलं.

"हे बाहेरचं फेकून द्या. डायरेक्टरसाहेबांना दिसायला नको."

"आणि गजराबाई?"

"येऊ देत. पण पाटी हलणार नाही."

महिन्याभराने मी गुरुजींना पत्र लिहिलं:

'तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. डायरेक्टरसाहेब येऊन गेले. अशी झाडं आपल्याकडे रुजवली पाहिजेत, असं म्हणाले. साहेबांचं कौतुक झालं, त्या आनंदात त्यांनी मला कायम केलं. गजराबाई कामावर आहेत. त्यांना हुकूम आहे की कुर्डू कुंपणाच्या आत उगवली तर पाणी घालायचं, बाहेर उगवली तर खुरपायची. बाहेरची ताठ उभी असते. आतली खताच्या लाडाने लोळू लागली आहे. तिला काठ्यांचे आधार देण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. आपल्या कृपेने पदवीचा उपयोग होतो आहे.'