बटण बाहेरच्या मशीनमध्ये

माझं काम मोडायचं होतं. दवाखान्यांच्या काउंटरवर बिलं निघतात ते सॉफ्टवेअर आमची पुण्याची कंपनी बनवायची, आणि गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते नव्याकोऱ्या संगणकावर चढवून कुठे कुठे मोडतं ते मी बघायची. दर वेळी नवाकोरा संगणक आणणार कुठून? म्हणून लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक तयार करायचा. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यावर सॉफ्टवेअर चढवायचं, हवं तसं छळायचं, आणि काम झालं की टाकून देऊन दुसरा घ्यायचा. तो बिचारा स्वतःला खराच समजतो.

लग्नानंतरही ही नोकरी मी घरूनच करत होते. गोंदियाजवळ फुलचूरला सासरच्या घरात मागची एक खोली आहे, कामठ्याच्या शेतावरून येणारं धान ठेवायची. मी आल्यावर पोती पडवीत गेली आणि माझं टेबल आत आलं. खोलीत कायम तुसाचा वास असायचा, मानेला खाज सुटायची. तरी घरातली मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा तीच होती. हे मी कुणाला बोलले मात्र नव्हते.

मग कंपनीने ठरवलं की कुणाच्याही लॅपटॉपवर काही ठेवायचं नाही. सगळं काम कंपनीने भाड्याने घेतलेल्या लांबच्या मशीनवर करायचं. लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी, तिच्यातून पलीकडे बघायचं. आणि ते लांबचं मशीनही खरं नव्हतं. कुठल्यातरी मोठ्या संगणकाच्या पोटातलं तेही व्हर्च्युअलच. म्हणजे आता मला खोट्याच्या पोटात दुसरं खोटं पाळायचं होतं. पहिल्याच दिवशी लांबच्या मशीनने तोंडावर सांगितलं की पोटात दुसरं मशीन नीट चालवायची सोय आपल्याला दिलेली नाही.

खरी गोम इथेच होती. ही सोय चालू करायचं बटण आतल्या मशीनमध्ये नसतंच. ती बाहेरच्या, म्हणजे त्याला पोटात घेतलेल्या मोठ्या मशीनने द्यावी लागते. आत तुम्हाला बाकी सगळे अधिकार असतात, काहीही बसवा, काहीही पुसा, पण तेवढं एक आतून होत नाही. मला हे पाठ होतं, तरी मी वेड्यासारखी एकेक सेटिंग उघडून बघत बसले.

आयटीवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मशीन भाड्याने देणाऱ्यांना विचारा. ते म्हणाले, आमची हरकत नाही, तुमच्या कंपनीने मागावं. कंपनीच्या सुरक्षा विभागाने कळवलं, आमचीही हरकत नाही, आयटीने लेखी मागितलं की झालं. आयटीने पुन्हा पहिलंच उत्तर पाठवलं. प्रत्येक मेलच्या शेवटी काही मदत लागली तर कळवा, असं असायचं. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून संताप येतो.

त्या सोयीशिवायही सगळ्यात आतलं मशीन चालतं, पण रडतखडत. ते सुरू करून मी स्वयंपाकघरात जायची, तांदूळ धुऊन भात टाकायची, वाफ जिरली की परत यायची, तर पडद्यावर ठिपके गोल फिरतच असायचे. त्याचं घड्याळही मागे पडायचं. आमची जेवणं उरकली तरी त्याची सकाळच. त्याला वाटत असणार, आपण अगदी वेळेवर चाललो आहोत. सुरुवातीला मला त्याची दया यायची, नंतर नंतर बघवेनासं झालं.

मॅनेजर बाई भल्या होत्या. फोन करून म्हणाल्या, "ऑफिसात खरी मशीन रिकामी पडली आहेत. सहा महिने पुण्याला येऊन बस, तोवर हे सुटेल. पण महिनाअखेरपर्यंत सांग. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

नवऱ्याचं गोंदियाच्या बाजारात नळाच्या सामानाचं दुकान. आमच्याकडे घरातला माणूस मराठीतून हिंदीवर आला की समजावं, विषय संपवायचा आहे. मी पुण्याचं काढलं तर म्हणाला, "देख, मेरे को कोई प्रॉब्लेम नहीं. बाबाले विचार."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पडवीत पोत्यांना टेकून बसले होते. म्हणाले, "आमी कायले अडवू? जा ना. पण घर तं तुयी सासू पाहाते. तिले विचार."

सासूबाई लाखोरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या कायले नाही म्हणू, बाई? तुया नवऱ्याले चालत असंन तं जा. त्यालेच विचार."

मी परत नवऱ्याकडे गेले. "बाबा हो म्हणाले का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो नाही म्हणाले. नाही पण नाही म्हणाले." "फिर तो हो गया," असं म्हणून तो आंघोळीला गेला. माहेर माझं इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अंगाला. आईला फोन केला तर तीही म्हणाली, त्यांनी पाठवलं तर जा.

कोणी म्हणेल, पाय होते, गोंदियाला स्टेशन होतं, बसायचं गाडीत. मीही स्वतःला हेच म्हणत आले आहे. पण कुणाच्याही होकाराशिवाय गेलेली सून सहा महिन्यांनी परत येते ती कोणत्या घरात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

महिना संपला. मी राजीनामा लिहिला. शेवटच्या दिवशी काही काम नव्हतं, तरी सवयीने आतलं मशीन सुरू केलं. ठिपके फिरत होते. संध्याकाळी माझं खातं बंद होणार होतं, ते ठिपके फिरता फिरताच झालं आणि खिडकी काळी पडली. बाहेरचं मिटवलं की आतलं आपोआप जातं, त्याला वेगळं कळवावं लागत नाही. मी लॅपटॉप मिटला.

लॅपटॉप कुरिअरने गेला. धान घरी यायला लागलंच होतं, म्हणून रविवारी टेबल बाहेर काढलं आणि पोती परत आत न्यायला घेतली. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता दुपारी लवंडत जा जराशी. लय थकून राहिली होती तू."

नवऱ्याने पोत्याला हात घातला आणि थांबला. या वेळी तो हिंदीत बोलला नाही.

"पण नोकरी सोडली काऊन? कोणी नाही म्हटलं होतं का तुले?"

मामाजीही वळून बघत होते. तिघांनाही खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यात कुणाचं नाटक नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कोणीच नाही म्हटलं नव्हतं."

"मग?"

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही ते आत नेऊन माझ्या टेबलाच्या जागी ठेवलं.