डोंगरातल्या त्या हॉटेलात रेवा कशात बोलली?

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आमच्याकडे मासिक यायचं, त्यात लोकांचे असले अनुभव छापून येत. ते वाचताना मला हसू यायचं, वाटायचं, यांना दुसरी कामं नाहीत. आता मीच लिहायला बसले आहे. हे मी कुठे पाठवणार नाही. पण मनातल्या मनात बोलून बोलून जीव वैतागला, म्हणून एकदा कागदावर उतरवून काढते. पुढेमागे कोणी वाचलंच तर त्यांनी मला वेडी म्हणू नये, एवढंच मागणं आहे.

माझा मुलगा मंदार कॉम्प्युटर इंजिनिअर. त्या वर्षांत आपल्याकडची पुष्कळ मुलं या कामासाठी जपानला जात होती, तसा तोही गेला. टोकियोत हिगाशी-कसाई म्हणून भाग आहे, तिथल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर तो, सूनबाई केतकी आणि नात रेवा राहत. दोघांनाही नोकरी. २००६ च्या हिवाळ्याआधी त्यांनी मला तीन महिन्यांसाठी कराडहून बोलावून घेतलं. कारण रेवा. पोरगी साडेतीन वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. हाक मारली की वळायची, हसायची, हात धरून फ्रीजपाशी न्यायची. पण तोंडातून शब्द नाही.

मी गेले आणि माझ्या पद्धतीने तिच्याशी बोलायला लागले. दिवसभर. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तिला होइकुएनला, म्हणजे तिथल्या पाळणाघराच्या शाळेला, नेता-आणताना. एरवी मी फार अबोल. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण लहान पोरांशी बोलायला मला लाज वाटत नाही.

महिना झाला नसेल, तोच होइकुएनच्या बाईंनी, सगळे त्यांना सेन्से म्हणतात, मंदार-केतकीला बोलावून सांगितलं की पोरीच्या कानावर फार भाषा पडतात, तिचा गोंधळ होतो, काही दिवस घरात एकच भाषा ठेवून बघा. जपानी ठेवा, कारण ती शाळेत चालते. मंदार-केतकी तोडकंमोडकं जपानी बोलायचे. मला तर येतच नव्हतं.

केतकी म्हणाली, “आई, रागावू नका हं. पण थोडे दिवस तुम्ही तिच्याशी नका बोलू. नुसतं हसायचं, खुणेने सांगायचं.”

मी म्हटलं, “बरं.” दुसरं काय म्हणणार? त्यांची पोर, त्यांनी बाईंना विचारलेलं. पण मंदारला एकदा एकट्याला गाठून सांगायचा प्रयत्न केला, की अरे, पोराशी बोललं नाही तर ते बोलेल कसं? तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, “ते वेगळं असतं गं आई. तुला नाही कळायचं.”

मग काय... घरात मी आणि ती. मी तिला वाढायची, पुसायची, वेणी घालायची, आणि तोंड गच्च मिटलेलं. पोर माझ्या तोंडाकडे बघत राहायची. संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखायचा.

नाताळच्या आधीच्या रविवारी मंदारने गाडी भाड्याने घेतली. टोकियोपासून चार-पाच तासांवर, उत्तरेकडे, डोंगरात एक हॉटेल होतं. अगदी विलायतेतल्या जहागीरदाराच्या घरासारखं बांधलेलं. दगडी भिंती, उंच धुराडी, आत जड लाकडी जिने. जपानी मुली काळे झगे आणि पांढरे एप्रन घालून वाकून नमस्कार करत होत्या. एवढं मोठं झाड दिव्यांनी सजवलेलं, शेकोटीत खरा जाळ. तिथे नाताळचा खास दुपारचा चहा असतो, तो केतकीने महिनाभर आधी ठरवून ठेवला होता. तिला हौस, आणि मी कराडला परतायच्या आधी मला काहीतरी चांगलं दाखवावं असंही तिच्या मनात होतं. तिचं मन वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

चहा म्हणजे काय, तर तीन मजली तबक. खाली काकडीचे इवलेसे सँडविच, मध्ये नानकटाईच्या जातीचे जाड गोळे, वर लाल-हिरवे केक. चहा मात्र न उकळलेला, किटलीत नुसता भिजत घातलेला. दूध वेगळं, तेही गार. मंदार हसून म्हणाला, “आई, तोंड वाकडं करू नको. इंग्लंडची राणी असाच पिते.”

“मग तिला एकदा आपल्याकडे पाठव,” मी म्हटलं.

केतकी हसली. लगेच रेवाकडे बघून माझ्या हातावर हात ठेवला. “आई, तिच्यासमोर...” म्हणजे आपसातही मराठी नको. झालं. मी गप्प.

बाहेर बर्फ पडायला लागला. हॉटेलचा माणूस येऊन मंदारला काहीतरी सांगून गेला. परतीच्या रस्त्यासाठी चाकांना साखळ्या लावायला हव्या होत्या. मंदार बाहेर गेला. केकमध्ये अंडं आहे का ते केतकीला कोणी नीट सांगेना, म्हणून ती ताटली घेऊन त्या मुलीबरोबर आत विचारायला गेली. टेबलावर मी आणि रेवा. ती बोटाने जॅम चाटत होती.

तेव्हा शेकोटीजवळ एक म्हातारी उभी होती. जपानी, राखाडी स्वेटर, पांढरे आखूड केस. आमच्याकडेच बघत होती. आता आपल्याकडे सवय कशी असते... आपण खात असताना कोणी समोर उभं असलं, तर ‘या’ म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. माझ्याही तोंडून निघून गेलं, “या, चहा घ्या.” म्हटल्यावर मीच लाजले. तिला काय कळणार?

ती म्हणाली, “हूं द्या तुमचं, सावकाश.”

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. हे मी कितीदा सांगितलं, कोणाला पटत नाही. आपल्या दारात उभं राहून शेजारीण बोलावी तसंच वाटलं. मी म्हटलं, “अवं या की. कुटं जायाचं हाय?” हे माझ्या माहेरचं बोलणं, पाटणच्या बाजूचं. लग्न होऊन कराडला आल्यावर सुटलं होतं.

ती येऊन केतकीच्या खुर्चीवर बसली. “कुठनं आलासा?”

“लांबनं. ल्येकाकडं आलीया.”

“नात व्हय ही? बोलत न्हाई?”

“न्हाई. आन् मलाबी बोलू देत न्हाईत तिच्यासंगं.” आणि मग मी बोलतच सुटले. खाली मान घालून, टेबलावरच्या कापडाकडे बघत. तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही, मला तशी सवय नाही. त्यामुळे तिचे ओठ कसे हलत होते ते मला सांगता येणार नाही, याचीच आता हळहळ वाटते. मी तिला मंदारचं सांगितलं. तोही चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. लोक तोंडावर मुका म्हणायचे. मी त्याच्याशी दिवसभर बोलत राहिले, आणि एक दिवस माझ्या हातून ताकाचं भांडं कलंडलं, तेव्हा तो म्हणाला, ‘सांडलं.’ हे मी मंदारला कधी सांगितलं नव्हतं. शिकून मोठा झालेला मुलगा, त्याला कशाला ते मुकेपण ऐकवायचं?

तेवढ्यात रेवा त्या बाईला म्हणाली, “आजी माज्याशी बोलतच न्हाई. रुसलीया.”

स्वच्छ. माझ्या माहेरच्या बोलीत. त्या घडीपर्यंत तिच्यासमोर मी ती कधी बोलले नव्हते.

बाई म्हणाली, “रुसली न्हाई गं. तिला गप ऱ्हायला सांगितलंय.”

एवढ्यात केतकी ताटली घेऊन आली. बाई उठली, वाकून नमस्कार केला आणि पलीकडच्या खोलीत गेली.

“केतकी, रेवा बोलली!” मी जवळजवळ ओरडलेच.

केतकीने ताटली तशीच ठेवली, गुडघ्यावर बसली. “रेवा? रेवू, काय बोललीस? बोल ना, बाळा. बोल!” आता मराठी चाललं, बरं का. रेवाने आपलं बोट तोंडात घातलं आणि झाडाच्या दिव्यांकडे बघायला लागली. केतकीचे डोळे भरले. “आई, असं नका हो करू. मला सहन होत नाही.”

मंदार ओल्या हातांनी परत आला. मी सगळं सांगितलं. तो उसासा टाकून म्हणाला, “थांब, त्या बाईंनाच विचारतो.” पलीकडच्या खोलीत ती आपल्या नवऱ्याबरोबर बसलेली दारातून दिसत होती. जिवंत, हाडामासाची बाई. मंदार बराच वेळ बोलत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार बदललेला.

“केतकी... त्या म्हणतात, बोलली. व्यवस्थित वाक्यं बोलली. आजी माझ्याशी बोलत नाही, रुसली आहे म्हणाली.”

केतकीने तोंडावर हात दाबून धरला. मला वाटलं, सुटले! आता माझ्यावर विश्वास बसेल.

“जपानीत बोलली,” मंदार म्हणाला.

“नाही रे. आपल्यात बोलली.”

“आई, त्या बाईंना मराठी कुठून येणार? त्या म्हणतात, अगदी त्यांच्या गावाकडच्या पोरांसारखी बोलली. त्यांचं गाव पार उत्तरेला आहे.”

“मग मी त्यांच्याशी कशात बोलले?”

तो म्हणाला, “त्या म्हणतात, तूही जपानीत बोललीस. त्यांच्याच बोलीत. त्यांना वाटलं, तू तिकडे बरीच वर्षं राहिली आहेस.”

“आई कुठे जपानी बोलतात?” केतकी म्हणाली. “हातवारे केले असतील, त्यांनी अंदाज बांधला असेल.”

मंदार माझ्याकडेच बघत होता. “मी लहानपणी बोलत नव्हतो? पहिला शब्द सांडलं?”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनी.”

मी केतकीला विचारलं, “सांडलं याचे हातवारे कसे करतात, सांग बघू.”

पण गंमत बघा. एवढं सगळं होऊन गाडीत बसेपर्यंत दोघांचं ठरलंसुद्धा. सेन्से बरोबरच होत्या, पोरीच्या आत जपानी आहे, आता हेच नेटाने चालू ठेवायचं. पण ती बोलली ते काय, तर ‘आजी बोलत नाही’, हे कोणाच्या लक्षात येईना. मी दोनदा सांगितलं. “हो आई, पण बोलली कशात ते महत्त्वाचं ना,” केतकी म्हणाली. मी खिडकीतून बर्फ बघत बसले. मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

रेवा मागे झोपल्यावर मंदारने हळूच विचारलं, “आई, मी बोलत नव्हतो तेव्हा तू काय केलंस?”

“काही नाही. बोलत राहिले.”

दुसऱ्या दिवशी वाटलं, हा आता म्हणेल, बोल तिच्याशी. तसं काही म्हणाला नाही. ऑफिसला गेला. मग तर त्याने कारणंही काढली. मी टीव्ही बघते तेव्हा जपानी कानावर पडत असणार. सांडलंचं कधीतरी कोणीतरी बोललं असणार. अरे, पण त्या बाईला कोणी सांगितलं?

मी स्वतःही करून पाहिलं. खाली कचरा टाकायला गेले की ज्या बाया भेटत, त्यांना म्हणायची, ‘या, चहा घ्या.’ त्या घाबरून चार वेळा वाकायच्या आणि पिशवी तपासायच्या. त्यांना वाटायचं, कचरा चुकीच्या दिवशी आणला म्हणून मी बोलते आहे! एकीने तर तिची पिशवी परत वर नेली. माझी मलाच लाज वाटली.

नारिताला विमानतळावर आत जायच्या दाराशी मंदार एकदम म्हणाला, “बोल आई, बोल तिच्याशी.” आता? मागे रांग, केतकी रडते आहे, सगळी माणसं बघताहेत. माझ्या तोंडून निघालं, “स्वेटर घालत जा गं.” बस. एवढंच. इतके दिवस साठवलेलं कुठे गेलं कोण जाणे.

मार्च-एप्रिलमध्ये रेवा बोलायला लागली. जपानीतच. केतकीने आनंदाने फोन केला, मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता तर ती टकळी चालवते म्हणे. रविवारी फोनवर माझ्याशीही बोलते. मी मराठीत, ती जपानीत. मंदार म्हणतो, “तिला तुझं समजतं आई, मराठीत उत्तर तेवढं देत नाही.” तिचं मला मात्र एक अक्षर समजत नाही. काय म्हणाली विचारलं की तो म्हणतो, “काही नाही, असंच, शाळेचं.” एवढं लांबलचक बोलणं, आणि ‘असंच’!

मागच्या रविवारी मी दार लावून घेतलं आणि माहेरच्या बोलीत म्हटलं, “कशी हायस गं बाय?” पलीकडे सगळं शांत झालं. मग ती हसली आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, काहीतरी म्हणाली. छोटंसंच. मी म्हटलं, “परत म्हण.” तिने परत म्हटलं. तेच. मी कान दुखेस्तोवर फोन दाबून धरला.

मला कळलं नाही. मंदारला सांगायचं म्हटलं, तर तो आवाज माझ्या तोंडून निघत नाही. त्या दिवशी चहाच्या टेबलावर सगळं कळत होतं, मग आता का कळत नाही? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. मी आपली फोनवर “व्हय” म्हणाले, आणि तिने खुशीत फोन बापाकडे दिला.