उसन्या आडनावाचा भात

नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं ओळखपत्र चालतं, हे कळलं त्याच दिवशी आमचं ठरलं. रांजणगावच्या एमआयडीसीत मी आणि माझा मित्र एकाच लाईनवर कामाला होतो आणि शिरूरला एकाच खोलीत राहत होतो. तो भीमाकाठच्या गावचा, घरी झेंडू आणि शेवंतीची शेती. मी दौंडचा, वडील रेल्वेत. कंपनीला दहा दिवस शटडाऊन होता. दोन सॅका, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या कडक भाकरी घेऊन आम्ही दौंडला गोरखपूरच्या गाडीत चढलो. जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी जागा मिळाली आणि ती आम्हाला दोन दिवस पुरली.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मग मी. वडील ड्युटीवरून आले की वस्तीच्या मंडळासाठी पत्रकं लिहायचे, छापून आणायचे. घड्या घालायचं काम माझं. वाचायला मी त्याच कागदांवर शिकलो. वडिलांचा एक नियम होता: कुणी आडनाव विचारलं की पूर्ण सांगायचं, आवाज न उतरवता. समोरच्याला जे कळायचं ते एकदाच कळू दे. हा नियम मी शाळेत पाळला, मुलाखतीत पाळला, कंपनीच्या गेटवर पाळला. मित्राला तो ठाऊक होता. चौदा एप्रिलला तो दौंडला यायचा, मिरवणुकीत माझ्याआधी नाचायचा आणि माझ्या आईच्या हातचं मटण दोनदा मागून घ्यायचा.

सोनौलीला नेपाळची हद्द आम्ही चालत ओलांडली. लुंबिनीसाठी मी आमच्या पत्रकांचा एक गठ्ठा नेला होता. मराठीतली पत्रकं, नेपाळात. पहिल्याच विहाराच्या पायरीवर तो पोट धरून हसला. म्हणाला, "त्या भन्तेजींना दे एखादं, वारा घ्यायला बरं हाय." मीही हसलो. तिथवर प्रवास चांगला होता.

लुंबिनीहून पोखऱ्याला निघालो आणि डोंगरात दरड कोसळून बस अडकली. रस्ता उद्या सकाळी मोकळा होईल, असं कंडक्टर म्हणाला. दुपार होती. रस्त्याच्या वर मातीनं सारवलेली चारपाच घरं दिसत होती. माझ्या बुटाचा तळ सुटला होता, म्हणून मी खाली थांबलो आणि तो विचारायला वर गेला. एका अंगणात म्हातारीशी बरंच बोलला, आपल्या त्या मोडक्या हिंदीत. मग हात हलवून मला बोलावलं.

म्हातारीला सगळे आमा, म्हणजे आई, म्हणत. घरात ती आणि तिची सून. मुलगा पुण्यात कुठल्याशा हॉटेलात कामाला, म्हणून आम्ही पुण्याकडचे म्हटल्यावर तिला भरून आलं. तिनं आमचे हात धरून थेट आत नेलं, चुलीपाशी. पाट दिले. डाळ, भात आणि आंबवलेल्या पाल्याची भाजी. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा सून कौतुकानं म्हणाली की आमा चुलीजवळ कुणालाही बसू देत नाही. गावातली माणसंसुद्धा ओसरीवर जेवतात. पण तुम्ही दोघं सख्खे चुलत भाऊ, क्षत्रिय, म्हणजे आमच्यातलेच. तिनं त्याचं आडनाव घेतलं आणि म्हणाली, दोघांचं एकच ना.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डाळ ओरपत होता.

तिथं, परक्या देशातल्या त्या चुलीपुढं, मला एक गोष्ट दिसली. आठ वर्षांच्या मैत्रीत मी याच्या गावच्या घरी सहासात वेळा गेलो होतो. दर वेळी आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. कधी म्हणायचा, इथं वारा चांगला येतो. कधी म्हणायचा, आत फुलं पसरलीत. त्याच्या आईचा आवाज मला ओळखू येतो, पण तिची चूल कोणत्या भिंतीला आहे हे मला माहीत नाही. मला हे आठ वर्षं कळलं नाही, असं मी लिहू शकतो. पण ते खरं नाही. मला कळत होतं, आणि मी वाऱ्याचं कौतुक करत होतो.

ताटात भात उरला होता. तो मी संपवला. ज्यानं आयुष्यभर कुणापासून आडनाव लपवलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या आडनावावर घास गिळले आणि शेवटी बोटंही चाटली.

अंगणात आल्यावर मी त्याला धरलं. तो शांत होता. रस्त्यावर झोपला असतास का, म्हणाला. तुझ्या भल्यासाठीच केलं. मी म्हटलं, मी आत जाऊन खरं सांगणार. तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"पोट भरल्यावरच आठवतो व्हय रं तुला बाणा? सकाळी जायचंच हाय. एक रात कळ काढ."

तो बरोबर बोलला होता. त्या रात्री मी त्याच घरात झोपलो.

सकाळी रस्ता मोकळा झाल्याचं कळलं. आमानं निरोपाची तयारी केली. दह्यात कालवलेले लाल तांदूळ, ताटलीत फुलं. त्याच्या कपाळावर टिळा लावून तिनं बराच वेळ काहीतरी पुटपुटत आशीर्वाद दिला. सुनेनं अर्थ सांगितला: आपल्या कुळाची पोरं आली, आता माझ्या मुलालाही तिकडं कुणीतरी घरात घेईल. मग आमा माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "आमा, मैं इसका भाई नहीं हूँ."

तिची बोटं माझ्या कपाळापासून वीतभर लांब थांबली. मी माझं आडनाव सांगितलं, पूर्ण. बौद्ध आहे म्हटलं. पण तिकडं बौद्ध म्हणजे डोंगरातले लामा, त्यांचं तिला काही वाटलं नसतं. अर्धं खरं सांगून मी पुन्हा एकदा सुटलो असतो. म्हणून पुढचंही सांगितलं: आमच्या लोकांना गावाबाहेर ठेवत, शिवून घेत नसत. सुनेनं मान खाली घालून ते आमाच्या भाषेत केलं.

आमा ओरडली नाही. ताटली घेऊन आत गेली. आतून पाण्याचा आणि सारवण्याचा आवाज येत राहिला. चहा आला तो ओसरीच्या पायरीवर, दोन पेले, सुनेनं ठेवले आणि हात मागं घेतला. दोन्ही पेले बाहेर. कारण एकाचं आडनाव खोटं निघालं होतं, तर दुसऱ्याच्या जातीवर तरी तिनं का विश्वास ठेवावा.

तो पेल्याकडे बघत राहिला. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं. मला वाटलं, आता हा बसेल माझ्या शेजारी. आता याला काहीतरी कळेल. मी पायरीवर थोडा सरकलोसुद्धा.

"तुझं सांगितलंस ते सांगितलंस," तो म्हणाला, "माझं तरी सांगायचं ना, मी खरा हाय म्हणून."

आणि तो उंबऱ्याशी गेला. तिथं उभा राहून सुनेला, आमाला, हिंदीत समजावू लागला. आपलं गाव, आपली शेती, आपलं कूळ. मोबाईलमधले भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले, फेटे बांधलेले, हातात तलवारी. मी पायरीवर बसून सगळं ऐकलं. माझ्याबद्दल तो एकच वाक्य बोलला, की हा कंपनीत ओळखीचा आहे.

मी सॅक पाठीला मारली आणि खाली उतरलो. बस निघायच्या बेतात असताना तो धावत आला, धापा टाकत माझ्या शेजारी बसला. टिळ्यातले दोनचार तांदूळ भुवईवर ओघळले होते.

"पटलं शेवटी म्हातारीला," तो म्हणाला. सुटकेचा श्वास सोडून, एखाद्या दोस्ताला सांगावं तसं.

मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसलो. त्यानं वळून पाहिलं नाही. मला खिडकी हवी असेल, असं त्याला वाटलं असावं.