दगडू ऊर्फ पेत्रुस

आमच्या दादाला पोर्तुगीज व्हायचं होतं. हे वाक्य लिहितानाही मला हसू येतं. वाशीमच्या स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, पोळ्याला लोकांच्या बैलांपुढे नाचणारा, ज्वारीच्या भाकरीशिवाय ज्याचं पोट भरत नाही असा माणूस, आणि म्हणे पोर्तुगीज! पण त्याला खरंच जायचं होतं. डिप्लोमा करून तो मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात हात काळे करत बसला होता. नोकरीचे अर्ज जात आणि उत्तर येत नसे. तिकडे लिस्बनला आमची आत्या होती, आणि तिच्या ओळखीनं तिथल्या गोदीत काम मिळणार होतं. फक्त आधी तिथलं नागरिकत्व हवं होतं.

ही सत्तरीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. गोव्यावरून पोर्तुगालशी धरलेला अबोला नुकताच सुटला होता, आणि आत्यानं लगेच लिहिलं की आता मागून पाहा. आमचे आजोबा गोव्यात जन्मले, पोर्तुगीजांच्या राज्यात. त्यांचा मुलगा बाबा आणि बाबांचा मुलगा दादा, एवढं कागदानं दाखवायचं होतं. आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला आत्याकडे होता. दादाचा आमच्या ट्रंकेत होता. मधल्या माणसाचाच, म्हणजे बाबांचा, कपटासुद्धा कुठे नव्हता.

"मी समोर उभा हावो ना," बाबा म्हणायचे, "मंग दाखला कायले लागते?"

आई कपाळावर हात मारायची. आत्याची पत्रं रोमन लिपीतल्या कोकणीत येत आणि ती वाचायचं काम आईचं, कारण बाबांना कोकणीचं ओ की ठो कळत नसे. रक्तानं गोवेकर आणि बोलणं सगळं वऱ्हाडी. त्याला कारण होती माय.

माय आमच्या रक्ताची कुणी नव्हती. आजोबा रेल्वेत गार्ड होते. बाबा जन्मले आणि आजी बाळंतपणातच गेली. आजोबांची बहीण गोव्याहून आली आणि सहा वर्षांच्या आत्याला घेऊन गेली. तान्ह्या लेकराला नेलं असतं तर ते वाटेतच गेलं असतं. तेव्हा क्वार्टरांच्या पलीकडे अनसिंगला दिलेली एक कुणब्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या पोरीला ती पाजत असताना इकडे बाबांचं रडणं तिला ऐकू जायचं. एक दिवस ती उठली, पोरीला काखोटीला मारून सरळ आजोबांच्या घरात शिरली आणि बाबांना उचलून पदराखाली घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. सासरी परतताना ती दोन्ही लेकरं घेऊन गेली.

"सासू चार दिस बोंबलली," ती सांगायची, "मंग तेच झोका देऊन राह्यली."

बाबांचं नावही तिनंच दिलेलं. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. अशा घरातल्या लेकराला नजर लागू नये म्हणून आमच्याकडे काहीतरी ओबडधोबड नाव ठेवतात. तिनं ठेवलं दगडू. अनसिंगच्या शाळेत हेच नाव लागलं, आणि हेडमास्तरांनी अंदाजानं साल धरून सगळ्या पोरांना टाकतात तशी जूनमधली एक तारीख टाकून दिली. पुढे रेल्वेत तिकीटबाबू म्हणून लागले तेही दगडूच. लग्नाच्या वेळी दाखला मागायला हवा होता, पण लग्न लावणारा म्हातारा फ्रेंच पाद्री बाबांना लहानपणापासून ओळखायचा. दर खेपेला गालावर चापट मारून "प्यारे" म्हणायचा. बाबांचा त्यावर फार जीव. "एवढा मोठा साहेब, पण मले प्यारेच म्हने," असं आम्हाला शंभरदा ऐकवलेलं. अशा माणसाकडे दाखला कोण मागणार?

वाशीमकडच्या बाप्तिस्म्यांच्या वह्या अकोल्याच्या चर्चमध्ये असत, तर एका शनिवारी बाबा, दादा आणि मी अकोल्याच्या गाडीत बसलो. मी कशाला? तर इंग्रजी वाचायला. दादाचं इंग्रजी मोटारपंपापुरतं होतं. चर्चमधले फादर तरुण, केरळचे, हसरे. त्यांनी जुन्या वह्या काढल्या, आम्हाला चहा दिला आणि बाबांच्या जूनच्या आगेमागे बोट फिरवत गेले. दगडू काही सापडेना. मी म्हटलं, आजोबांच्या नावानं बघा. तेव्हा एक नोंद निघाली. लॅटिनमध्ये होती. बाप आमचे आजोबा, आई आमची आजी, गाव 'बासीम', म्हणजे इंग्रजांच्या स्पेलिंगातलं वाशीम. मुलाचं नाव पेत्रुस. साल मात्र शाळेतल्या सालाच्या आधीचं.

दादा खुर्चीतून उठलाच. पण बाबांचा चेहरा पडला.

"हा मी नोहो," ते म्हणाले. "हा माहा भाऊ असन. मेलेला."

फादरनाही ते पटलं. आधी दोन मुलं गेलेली, साल जुळत नाही, नाव जुळत नाही. ते अगदी हळू आवाजात म्हणाले की मी दुसऱ्याचा दाखला तुम्हाला कसा देऊ? बरोबरच होतं त्यांचं. परतीच्या गाडीत दादा वाशीम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मला त्याची इतकी दया आली की मी माझ्या वाटची भजी त्याला देऊन टाकली, आणि भज्यांच्या बाबतीत मी कधी कुणाला दया दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा म्हणाले, मायले सांगून येऊ. काही झालं की मायले सांगायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. यस्टीनं अनसिंग गाठलं तेव्हा माय अंगणात तूर पाखडत होती. सत्तरी उलटलेली, पण सुपाचा आवाज कसा खणखणीत. बाबांनी सगळं सांगितलं. वहीत फक्त पेत्रुस आहे, दगडू नाहीच.

"नाई कसा?" माय म्हणाली. "म्या सोता सांगतलं त्या दाढीवाल्याले."

"तू होती तिथं?"

"मंग कोन राहीन? तू माह्याबिगर कोनापाशी राहे काय?"

आणि तिनं सूप बाजूला ठेवून सांगितलं. तो पाद्री महिन्यातून एकदा गाडीनं यायचा आणि गार्डाच्या क्वार्टरच्या ओसरीतच प्रार्थना चालायची. तिथंच बाबांच्या डोक्यावर पाणी घालायचं ठरलं. पाद्र्यानं नाव विचारलं. आजोबा गप्प. बायको गेल्यापासून ते गप्पच असत. मग हीच म्हणाली, दगडू. पाद्र्याला कळेना. ही पुन्हा म्हणाली, दगडू! तरी कळेना.

"मंग म्या काय केलं, रुळाकडं गेली, खडीतला गोटा उचलला अन् देल्ला त्याच्या हातात. हे पाह्य बापा. हे! त्यानं गोट्याकडं पाह्यलं, लेकराकडं पाह्यलं, अन् असा हासला का बस. म्हने, प्येर! प्येर! आमच्या बोलीतबी म्हने गोट्याले हेच म्हनतेत, अन् नाव भी आहे."

बाबा ताडकन उभे राहिले. मला वाटलं विंचू चावला.

"प्यारे!" ते ओरडले. "अवं माय, तो मले प्यारे म्हनतच नोहता! नाव घेऊन राह्यला होता माहं!"

हसता हसता आमची मुरकुंडी वळली. जन्मभर हा माणूस लाड समजून मिरवत होता आणि ती साधी हाक होती! दादानं तर मायला उचलून गरकन फिरवली आणि तिनं त्याला सुपानं बडवलं. बाबा मात्र हसून झाल्यावर जरा खट्टू झाले. म्हणाले, "प्यारेच बरं होतं बे."

अकोल्याचे फादर ही हकीकत ऐकून टेबलावर हात आपटून हसले. पेत्रुसला फ्रेंचमध्ये पिएर म्हणतात आणि पिएर म्हणजे दगडच, हे त्यांनीही सांगितलं. दाखला दिला, शिक्का मारून. पण म्हणाले, तिकडचे लोक माझ्या हसण्यावर चालणार नाहीत. दगडू आणि पेत्रुस एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि तेही जन्मापासून ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं. नात्यातलं चालणार नाही.

जन्मापासून ओळखणारं आणि रक्ताच्या नात्यात नसलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

मायला वाशीमच्या कचेरीत आणली तो दिवस मी विसरणार नाही. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बाहेर झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसायचे, त्यातल्या एकानं मजकूर ठोकला आणि आत साहेबांसमोर वाचून दाखवला. मी अमुक गावची राहणारी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, दगडू व पेत्रुस ही एकाच इसमाची नावे असून, सदर इसमाशी माझे कोणतेही नाते नाही.

मायचा अंगठा शाईत बुडालेला होता. तो तिनं तसाच वर धरला.

"काय म्हने?"

अर्जनवीसानं पुन्हा वाचलं.

"खोड ते."

"आजी, ते लागतंच."

"लागन त् लागन. खोड."

दादाचं तोंड पांढरं पडलं. त्याचं सगळं त्या शाईच्या अंगठ्यावर आलं होतं. तो खाली बसून तिला समजावू लागला, "माय, नुसता कागद आहे ना वं. कागदावर लिहिलं म्हणून काय होते?"

"कागदच आहे, मंग त्यावर खरं लेहाले काय झालं?"

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांची पाठ हलत होती. मी दादाची बहीण, त्याच्या बाजूनं बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं, "बरोबर बोलून राह्यली ते."

दादानं माझ्याकडे असं पाहिलं!

साहेब उतारवयाचे होते. इतका वेळ ते सह्या करत होते. आता त्यांनी पेन ठेवलं आणि बाबांकडे बोट दाखवून मायला विचारलं, "याची आई तुम्ही?"

"नाई. याची माय मेली. म्या याले पाजलं. आता सांग, मी कोन?"

साहेबांनी पहिला कागद बाजूला सारला. मग अर्जनवीसाला म्हणाले, नवा कागद लावा, आणि दगडू व पेत्रुस एकच एवढं तसंच ठेवून पुढचं स्वतः सांगू लागले. सदर इसमास जन्म देणारी आई प्रसूतीत वारली. माझे तिच्याशी रक्ताचे नाते नाही. सदर इसमास मी माझ्या अंगावरील दूध पाजून वाढविले, सबब मी त्यास जन्मापासून ओळखते, व बाप्तिस्म्याच्या वेळी तो माझ्याच मांडीवर होता.

मायनं ते तीनदा वाचायला लावलं. 'सबब' म्हणजे काय ते विचारलं. मग अंगठा उमटवला तो असा जोर लावून की कागदाला भोकच पडायचं. बाहेर येताच म्हणाली, भूक लागली, आणि हॉटेलात बसून आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जिलेबी तिनंच खाल्ली.

तरी दादाच्या जिवाला घोर होताच. दूध पाजलं म्हणून लिहिलेला कागद परदेशात कोण मानणार? भाषांतर होऊन सगळं टपालात पडलं आणि दादा रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहू लागला. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात आत्याचं जाड पत्र आलं. आईनं पहिली ओळ वाचली आणि किंचाळलीच. झालं होतं! मानलं होतं! दादा अंगणात गेला आणि शर्ट काढून नाचला, थंडीत, क्वार्टरची सगळी बिऱ्हाडं बघत असताना. बाबांनी स्टेशनमास्तरांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पण आई पुढचं वाचता वाचता थांबली होती. मग तिनं बाबांना आत बोलावलं.

ते पत्र घेऊन आम्ही अनसिंगला गेलो. बाबांनी मायसमोर बसून आईनं सांगितलेलं सगळं तिला वऱ्हाडीत सांगितलं. आत्यानं लिहिलं होतं की लिस्बनच्या कचेरीतल्या माणसानं तो कागद तिला वाचून दाखवला, आणि आमच्याकडेही अशा बाईला वेगळा शब्द आहे, म्हणाला. पुढे आत्याचेच शब्द होते: मी सहा वर्षांची होते. आई गेली आणि बाळाचं रडणं थांबेना. मग एक बाई आत आली आणि रडणं थांबलं. मी दारात उभी राहून बघत होते. ती कोण हे मला कधी कुणी सांगितलं नाही. तिचं नाव मला आज त्या कागदावर कळलं.

मायनं ते पत्र हातात घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

"हो," ती म्हणाली. "होती एक पोट्टी दारात. झिपऱ्या मोकळ्या. एकटक पाहे. तिलेबी घेतली अस्ती, पन मांडीवर दोघं होते. तिच्यासाठी जागाच नोहती उरली."

बाबांनी मान खाली घातली. माय दादाकडे वळली.

"कवा निंगतं?"

"महिन्याभरात."

"जाय. अन् पह्यले नोकरीफिकरीकडं जाऊ नको, तिच्यापाशी जाय. तिचा भाऊ म्या ठेवून घेतला जलमभर. आता तू तिचा. झाली फिटंफाट."

आणि जो दादा दोन दिवस नाचत होता तो तिच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. मग पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "ऊठ बे पोट्ट्या, यस्टी चुकीन."