पंखाळे इतकी वर्षं कुठे होते?

गेमचा नवा ट्रेलर लोकांना दाखवून झाला होता. त्यानंतर आमचे बॉस साळवी सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, आता स्टोरी तेवढी बसवून टाक.

मी खारघरमधल्या एका गेम कंपनीत लेखिका आहे. आमच्या ऑनलाइन गेममधल्या जगाचं नाव धूम्रखंड. त्या जगाचा इतिहास लिहिणं हे माझं काम. कोण राजा, कोणाचं कोणाशी वैर, कुठला तट कशासाठी बांधला. ह्याला आमच्याकडे लोर म्हणतात. पनवेलची माझी मामी ह्याला ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणते आणि मीही आता ते दुरुस्त करत नाही.

खेळायला येणारा आधी आपली जमात निवडतो. आमच्याकडे तीन होत्या: माणसं, डोंगरातले पाषाणी आणि जंगलातले हिरवे. सरांनी चौथी आणली. पंखाळे. पाठीला हे भले मोठे पंख. ट्रेलरमध्ये दिसलेही झकास.

अडचण अशी की धूम्रखंडाची सगळी गोष्ट एका तटावर उभी होती. वज्रगडाचा तट कोणाला ओलांडता येत नाही, म्हणून तिथलं युद्ध पिढ्यान्पिढ्या चाललेलं. मी सरांना विचारलं, की पंखवाली माणसं होती तर कोणीतरी उडून पलीकडे जाऊन कडी काढली नसती का?

सर म्हणाले, “ते समुद्रापलीकडून आले असं लिही.”

समुद्रापलीकडे काहीच नाही, हे गेममध्ये तीन वेगवेगळे साधू सांगतात. मग ते म्हणाले, झोपले होते असं लिही. हजार वर्षं झोपणारी जमात कोण निवडणार, हे त्यांचं त्यांनाच पटलं.

मी तौफिककडे गेले. हा आमचा प्रोग्रामर. घर तळोज्याला, बोलणं हळू आणि बातमी बहुतेक वाईट. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पंखाळे मुळात उडूच शकणार नाहीत. का, तर धूम्रखंडातल्या घरांना छपरंच नाहीत. वरून कोणी बघणार नव्हतं म्हणून केलीच नाहीत. “उडवलंस तर सगळ्यांना आपली गरिबी दिसेल,” तो म्हणाला. “इज्जतीचा सवाल आहे.”

म्हणजे पंख आहेत, पण उडता येत नाही. आणि आजवर कोणाला दिसले नाहीत. दोन दिवस माझं डोकं चालेना. चहा घेत मी नुसतीच गेममध्ये शिरून वज्रगडच्या तटाबाहेरच्या बाजारात उभी राहिले. समोरून हमाल चालले होते.

गेममध्ये काही पात्रं खेळाडू चालवत नाही, कॉम्प्युटरच चालवतो. त्यांना एनपीसी म्हणतात. आमचे हमाल त्यातलेच. पहिल्या आर्टिस्टने घाईत एकच हमाल काढला होता. अंगावर घोंगडी, पाठीवर मोठा उंचवटा. मग तोच सगळ्या शहरांत चिकटवला. उंचवटा बोजाचा आहे की कुबडाचा, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

मी चहा तसाच ठेवून लिहायला बसले. हमाल म्हणजेच पंखाळे. तट बांधणाऱ्या राजाला त्यांची भीती वाटली. त्याने त्यांचे पंख बांधायला लावले, वर घोंगडी दिली आणि ओझी उचलायला लावली. पिढ्या गेल्या, पंखांतलं बळ गेलं. आता कायदा मोडला, घोंगड्या उतरल्या. उडणं मात्र राहिलं ते राहिलंच.

तौफिकने वाचलं आणि म्हणाला, “माशाल्ला. आणि नवीन काही कोडही करायला नको.”

लाँचच्या दिवशी दुपारी मला जनूशेठचा फोन आला. जनूशेठ इथल्याच बेलपाडा गावचे. रेती-सिमेंटचा मोठा धंदा आणि गेममध्ये त्याहून मोठी टोळी. आमचे सगळ्यात जुने खेळाडू. त्यांचा आवाज पडलेला होता.

“मॅडम, तलवारीची धार बघायला आमी रोज दोन-चार हमाल मारायचो,” ते म्हणाले. “ती माणसं व्हती, हे आदी सांगायचं नाय?”

मी म्हटलं, आम्हालाही आत्ताच कळलं. त्यांनी फोन ठेवला.

तासाभरात त्यांनी आपल्या सगळ्या टोळीला पंखाळे करून टाकलं. बाकीचेही त्यांना जाऊन मिळाले. वज्रगडच्या बाजाराच्या दरवाजात ते खांद्याला खांदा लावून बसले. आत कोणाला जाता येईना, बाहेर कोणाला येता येईना. ना शस्त्र विकत घेता येई, ना औषध.

साळवी सर धावत आले. त्यांनी विचारलं की हा बग आहे का.

“नाही सर,” मी म्हटलं. “संप आहे.”

त्यांना हटवता येईल का, असं त्यांनी तौफिकला विचारलं. तो म्हणाला, येईल, पण मग ते गेम सोडतील, आणि जुने खेळाडू तेच आहेत. शेवटी बोलणी करायला मीच पंखाळी होऊन दरवाजात जाऊन बसले. मी कमिटी नेमू म्हणाले, तसे जनूशेठ हसले.

“आमच्या गावची जमीन नवी मुंबईसाठी गेली तेवा लय कमिट्या बघितल्या,” ते म्हणाले. “आंदोलन कसं करायचं ते आमाला नका शिकवू. लिवून द्या.”

लिहून दिलं. हमालाला मारलं तर तलवार जप्त. ओझं नको असेल तर नाही म्हणायचा हक्क. आणि तटात पंखाळ्यांसाठी वेगळा दरवाजा. हा शेवटचा मुद्दा लोरमध्ये कुठेच बसत नव्हता. तरी तौफिकने भिंतीला भोक पाडलं आणि संध्याकाळपर्यंत बाजार सुरू झाला.

सर त्याला आता यशस्वी लाँच म्हणतात. मी त्यातून एवढंच घेतलं की नवी जमात कुठून आली हे लिहून भागत नाही. आल्यावर ती काय मागेल, तेही आधीच लिहून ठेवावं.